आडबागेचं दार

५ फेब्रु. ९६, सोम.

नगरहून मासिकाचं पार्सल आलं. 'नवी पुस्तके' सदरासाठी या खेपेला तीन. एक श्रद्धेवर, आजारी माणसाजवळ बसून प्रार्थना कशी करावी याचं. एक ख्रिस्ती नीतीवर, चर्चच्या निवृत्त पाळकांनी लिहिलेलं, जाडजूड. तिसरं मुलांसाठी, कल्पित कथा, अकरा प्रकरणं, मुखपृष्ठावर हिरवा पोपट. सोबत संपादककाकांची चिठ्ठी: 'महिनाअखेर तिन्हींवर दहा-दहा ओळी. खाली नेहमीप्रमाणे पू.वा.'

पू.वा. म्हणजे पूर्ण वाचले. त्याशिवाय काका अभिप्राय छापत नाहीत. मला ते बरं वाटतं. मी तर मुद्रकाचा पत्तासुद्धा वाचते.

मी शाळेतून येण्याआधीच पप्पांनी पार्सल फोडलं होतं. पोपटाचं पुस्तक बाजूला काढून ठेवलं. "हे घरात वाचू." म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मोठ्यानं, रोज एक प्रकरण, रविवार सोडून. आणि असं वाचायला घेतलेल्या पुस्तकाचं पुढचं पान कुणी बघायचं नाही. घरचा जुना नियम. मी कधी मोडला नाही. धाकट्या ए.नं एकदा मोडला होता आणि मग स्वतःच सांगून टाकलं, हसत हसत.

६ फेब्रु., मंगळ.

पहिलं प्रकरण. आंब्याची मोठी बाग, दोन बहिणी, वडील झाडांचे डॉक्टर. पप्पा खूश. उत्तरेतल्या या शहरात येण्याआधीची, मलिहाबादची आठ वर्षं आठवली असणार. पप्पांच्या आंबा संशोधन संस्थेच्या बागेतलं क्वार्टर, जवळ धड शाळा नाही, म्हणून पप्पा सकाळी आम्हा दोघींना गणित, व्याकरण, बायबलचा शास्त्रपाठ शिकवायचे. दुपार आमची.

"हा बाप माझ्यासारखाच दिसतोय. खोडावर बोटं वाजवून बघतो."

"तुम्ही टरबूजही वाजवून घेता," आई म्हणाली, "आणि कच्चंच आणता."

खूप दिवसांनी तिघं एकदम हसलो.

८ फेब्रु., गुरु.

तिसरं प्रकरण. लिहिताना हात थंड आहेत. थंडीनं असतील.

गोष्टीतली धाकटी विचारते, झाड एक वर्षाआड फळ देतं, तर आड वर्षीचे आंबे जातात कुठे? मोठी सांगते, खाली जातात. जमिनीखाली दुसरी बाग आहे. तिचं नाव आडबाग.

हे नाव माझं आहे. माझं आणि ए.चं. बागेच्या राखणदाराच्या मचाणावर बसून ठेवलेलं. मुका पोपट दाराशी पहारा करतो, तेही आमचं. सातपासून उलटं मोजायचं, मग दार उघडतं, तेही.

कागदावर एक अक्षर कधी लिहिलं नव्हतं. कुणाला सांगितलं नव्हतं. पप्पांना तर नाहीच.

ते एकसुरात वाचत होते. आईच्या विणायच्या सुया थांबल्या होत्या की मलाच तसं वाटलं.

९ फेब्रु., शुक्र.

ए. म्हणजे एस्तेर, एस्तू, माझी बहीण. रोजनिशीतसुद्धा मी तिचं नाव पूर्ण लिहीत नाही, हे आज लक्षात आलं. ऑक्टोबर ८५. मेंदूज्वर. ती नऊ, मी तेरा.

तेव्हापासून मी जिना उतरताना उलटं मोजते. सात, सहा, पाच. दोनला थांबते. एक म्हणत नाही. कारण खेळ तसा होता. ती दोनपर्यंत मोजायची, एक म्हणायचं काम माझं. मी म्हटलं की दार उघडणार.

आज शाळेच्या जिन्यावर दोनला थांबले तर मागची मुलं येऊन आदळली. "मिस, आगे चलिए ना."

१० फेब्रु., शनि.

वाचन झाल्यावर पुस्तक उलटं ठेवलेलं होतं. मागच्या बाजूचा मजकूर म्हणजे पुढचं पान नव्हे, असं मनाशी ठरवून वाचला. लेखिका शालिनी रणपिसे. उत्तरेत बरीच वर्षं रुग्णसेवा, आता नगरला.

स्वयंपाकघरात आईला विचारलं.

"शालिनीसिस्टर," ती म्हणाली. कणीक मळत होती, वर पाहिलं नाही. "एस्तूच्या वॉर्डात होती. तिथे मराठी बोलणारी तेवढी एकच. एस्तू तिचा हात सोडायची नाही."

"तुला माहीत होतं?"

"नाव वाचलं तेव्हाच. पप्पांना बोलू नकोस. त्यांना वाचू दे."

म्हणजे ए.नं तिला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे किती?

मासिकाच्या पत्त्यावर सिस्टरना पत्र टाकलं. चारदा फाडून पाचव्यांदा लिहिलं. एवढंच: 'शेवट काय होतो ते कळवू नका, घरी वाचन चालू आहे. फक्त शेवट कुणाचा आहे ते कळवा. तुमचा की तिचा.'

११ फेब्रु., रवि.

छावनीतल्या चर्चमध्ये मराठी उपासना, महिन्यातून एकदाची. बारा माणसं, त्यांत तीन मुलं. गीतं मराठीत, मुलांचं बोलणं हिंदीत. पप्पांनी कौतुकानं सांगितलं की मुलांसाठी नवं पुस्तक आलंय, वाचून झालं की संडे स्कूलला देऊ.

त्या मुलांतली रिंकी मला चिकटली. "दीदी, उसमें तोता बोलता है?"

"नाही. मुका आहे."

"फिर किस काम का तोता?"

"पहारा देतो."

"चोर आए तो चिल्लाएगा कैसे?"

ए.नं हेच विचारलं होतं. मी तेव्हा काय उत्तर दिलं होतं, आठवेना. परतीच्या रस्त्यावर, तेलीबागेत घरी पोचेपर्यंत, आठवत बसले.

१३ फेब्रु., मंगळ.

नीतीचं पुस्तक वाचून संपवलं. एक पूर्ण प्रकरण: रुग्णाशी खरं बोलावं की नाही. पाळकसाहेब फार सावध. दोन्ही बाजू मांडतात आणि शेवटी निर्णय वाचकाच्या विवेकावर सोडतात. माझ्या विवेकावर सोडू नये. तो दहा वर्षं झोपलेला नाही.

दहा ओळी लिहायला तीन तास लागले. 'विवेचन समतोल आहे' असं लिहिलं आणि खोटं लिहिल्यासारखं वाटलं. खोडलं. 'विवेचन समतोल आहे, पण' असं लिहिलं. पण-पुढे काही सुचेना.

१५ फेब्रु., गुरु.

नववं प्रकरण. गोष्टीतली धाकटी आजारी पडते. मोठी आता आडबागेत येत नाही. ती म्हणते, रचलेली गोष्ट म्हणजे खोटं.

तेही खरं आहे. त्या सप्टेंबरात पप्पांनी 'खोटी साक्ष देऊ नको' या आज्ञेचा पाठ घेतला होता. मी रात्रभर घाबरले. दुसऱ्या दिवशी ए.ला सांगितलं की आडबाग नाही, आपण ती रचली, यापुढे तिचं नाव काढायचं नाही. ती म्हणाली, "बरं ताई." एवढंच. महिन्यात ताप.

आज वाचता वाचता पप्पा दोन वेळा थांबले. चष्मा पुसला.

१६ फेब्रु., शुक्र.

दहावं प्रकरण.

लिहून टाकते, म्हणजे एकदा लिहिलेलं असेल.

वॉर्डात ए.चा ताप उतरत नव्हता. मधेच तिनं डोळे उघडले आणि मोजायला लागली. सात. सहा. पाच. चार. तीन. दोन. मग माझ्याकडे बघत राहिली. एक म्हणण्याची वाट बघत. पप्पा दाराशी उभे होते. मी म्हटलं, "दार नव्हतंच, एस्तू."

खरं बोलले. त्यानंतर, रात्री मुलांना वॉर्डात थांबू देत नाहीत म्हणून, मला घरी पाठवलं. सकाळी पप्पा एकटेच आले.

पुस्तकात हे सगळं आहे. पलंग नाही, वॉर्ड नाही. धाकटी झाडाखाली पडली आहे. मोठी तिला म्हणते, दार नव्हतंच. पप्पांनी ते वाक्य बाकीच्या वाक्यांसारखंच वाचलं. मग बोटानं त्याच ओळीवर मागे गेले आणि पुन्हा वाचलं, मनातल्या मनात. आई उठून आत गेली. दूध उतू जात नव्हतं, तरी.

१७ फेब्रु., शनि.

सकाळी पप्पा मागच्या अंगणात दशहरी आंब्याच्या झाडापाशी. पंधरा दिवसांपासून सगळीकडे मोहोर आहे, आमच्या झाडाला नाही. यंदा त्याचं आड वर्ष.

"ते तू म्हणाली होतीस?"

"हो."

"मी होतो तिथे?"

"दाराशी होतात."

ते खोडावर बोटं वाजवत राहिले. "मला वाटलं, ती कसलं तरी दार विचारतेय. वॉर्डाचं."

"तुमच्यासमोर खोटं कसं बोलणार होते मी?"

बोलले आणि लगेच वाटलं, हे त्यांच्यावर ढकलणं झालं. तसं सांगितलंही. म्हटलं, पप्पा, तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे. ते म्हणाले, "थांब जरा." मी थांबले. त्यांनी बादलीतलं पाणी आळ्यात ओतलं, सकाळीच घातलेलं असूनही.

संध्याकाळी: "आज घसा बसलाय. उद्या."

उद्या रविवार.

२० फेब्रु., मंगळ.

घसा अजून बसलेला. फोनवर मात्र बँकेतल्या माणसाशी खणखणीत बोलले.

पुस्तक टेबलावर, दहाव्या प्रकरणानंतर खूण घातलेलं. खूण म्हणजे ए.ची रिबन. ती पुस्तकात कुणी घातली, विचारायचा धीर नाही. मी पुस्तकाकडे पाठ करून वह्या तपासते. नियम मोडणार नाही. नियमापेक्षा भीती जास्त आहे, हे मात्र इथे लिहायला हवं. गोष्टीतली धाकटी मोठीला काय म्हणते? की मोठी पुढे येतच नाही?

२१ फेब्रु., बुध.

राखेचा बुधवार, लेंटच्या चाळीस दिवसांच्या व्रताची सुरुवात. शाळेत अर्धी सुट्टी. आई म्हणाली, "लेंटमध्ये काय सोडणार?" मी म्हटलं, ठरवलं नाही. ती म्हणाली, "मोजणं सोड." जिन्यावर ऐकते म्हणे. किती वर्षांपासून, तिनं सांगितलं नाही.

प्रयत्न केला. चारपर्यंत आले तेव्हा कळलं, मोजतेय.

२४ फेब्रु., शनि.

सिस्टरांचं पोस्टकार्ड. गोल, ठसठशीत अक्षर, औषधाच्या चिठ्ठीसारखं.

'प्रिय करुणा, तू नियम पाळतेस म्हणून शेवट सांगत नाही. पहिली दहा प्रकरणं तिनं सांगितली ती मी माझ्या भाषेत लिहिली. अकरावं मात्र तिच्याच तोंडचं आहे. तू घरी गेल्यावर माझी पाळी संपेपर्यंत ती सांगत होती. मी एक शब्दही बदललेला नाही. दहा वर्षं छापायला धजले नाही, कारण त्यात तू आहेस. तुझी परवानगी घ्यायला हवी होती. चुकले असेन. तुझी, शालिनीसिस्टर.'

त्यात मी आहे.

कार्ड आईला दिलं. आईनं वाचून पप्पांना दिलं. पप्पांनी वाचून बायबलमध्ये ठेवलं, पत्रं ठेवतात तिथे. जेवणात मेथीची भाजी होती. सगळ्यांनी दोनदा घेतली.

२६ फेब्रु., सोम.

संपादककाकांना श्रद्धेचा आणि नीतीचा अभिप्राय पोस्टानं पाठवला. नीतीच्या अभिप्रायात पण-पुढे अखेर लिहिलं: 'पण आजारी मूल प्रश्न कोणाला विचारते आहे, याचा विचार लेखकाने केलेला नाही.' दोन्हींखाली पू.वा.

तिसरा राहिला. दहा ओळी लिहून तयार आहेत. भाषा सोपी, चित्रं बरी, आंब्याच्या बागेची माहिती अचूक. खाली जागा रिकामी.

२७ फेब्रु., मंगळ., सकाळी

काल संध्याकाळी प्रार्थना झाली. पप्पांनी पुस्तक उघडलं, रिबन काढली आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

"तू वाच."

आजवर या घरात मोठ्यानं फक्त त्यांनी वाचलंय. मी आईकडे पाहिलं. तिनं विणकाम खाली ठेवलं होतं.

अकरावं प्रकरण. मोठी बहीण निघून गेलेली. धाकटी झाडाखाली एकटी. पोपट तिच्याकडे बघतो, मान वाकडी करून, कारण तो मुका आहे. धाकटी त्याला म्हणते, ताई रागावलेली नाही, तिला फक्त ऐकू आलं नाही, मी पुन्हा मोजते.

इथे वाचन थांबवून पाणी प्यायले. पप्पा म्हणाले नाहीत की मी वाचतो.

पुढे वाचलं. सात. सहा. पाच. चार. एकेक आकडा वेगळ्या ओळीवर छापलेला. तीन. दोन.

तिथे पान संपलं. मी थांबले. इतकी वर्षं थांबते तशीच. बोट पानाच्या कोपऱ्यावर, पान उलटत नव्हतं. बाहेर कुणाच्या तरी गेटची कडी वाजली.

मग पप्पा म्हणाले, "एक."

हळू, घसा खरंच बसल्यासारखं. माझ्याकडे बघून नाही. दाराकडे.

आई रडत होती, पण आवाज नव्हता. मी पुस्तक मिटलं नाही आणि पान उलटलंही नाही. पप्पांनी कधी अर्ध्यावर वाचन सोडू दिलेलं नाही, काल मात्र सोडू दिलं. रिबन पुन्हा घातली, त्याच पानात, आणि आम्ही जेवायला बसलो.

आत्ता सकाळचे सात. पप्पा मागच्या अंगणात. अभिप्राय टेबलावर, खालची जागा तशीच. आज संध्याकाळी मी वाचायचं आहे. एवढंच बोलणं झालंय.

आत्ता जिना उतरले. दोनला पाय थांबला, एक अजून म्हटलं नाही, पण पुढची पायरी दिसत होती.