जुळलेलं रक्त

दि. १४, मंगळवार

प्रिय धाकटे,

ताईचे अनेक आशीर्वाद. ‘इकडे सर्व क्षेम’ असं सवयीनं लिहून गेले, मग खोडलं. कार्डावर मावणार नाही म्हणून आज पाकीट आणलंय, यावरून काय ते समज.

ठकीचा ताप देवाच्या दयेनं उतरला. औषधांनी केस सगळे गेले, तरी आरशात बघून म्हणते, “आई, तेलाचा खर्च वाचला गं तुझा!” पंधरा वर्षांची झाली, जीभ मात्र थेट तुझी. तुझ्या ह्यांचा गुडघा काय म्हणतो?

मूळ बातमी राहूनच जातेय. ठकीचं रक्त जिथं तयार होतं, तो हाडातला मगज बदलायचाय. द्यायला कोण चालेल म्हणून माझं रक्त तपासलं. निम्मं जुळलं! डॉक्टरीणबाई खूश. म्हणाल्या, “आईचं जुळलं, बरं झालं. गरोदरपणी शरीरात काही खास प्रथिनं तयार होतात. गर्भ निम्मा परका असतो, तरी ती आईच्या शरीराला समजावतात, याला हाकलू नकोस. बाळाचं शरीरही आईच्या पेशींना ओळखायला शिकतं. पुढे त्याच आईच्या पेशी दिल्या तर भांडण कमी होईल, अशी आशा असते. खात्री नाही देत.”

मी मान डोलावली.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, “बहिणीबहिणींचं रक्त, जुळलं. कुणाला कळतंय?”

तेव्हापासून देवापुढे बसते पण चित्त नाही. दूध दोनदा उतू गेलं. गप्प बसले तर ठकी मला आईच म्हणत राहील. पण तिच्या शरीराला मी कसं फसवू? माझ्या पोटात ती कधी नव्हतीच गं. तुझ्या होती. तू तिला माझ्या ओटीत घातलंस, आणि मग आपण दोघींनी तो विषयच काढला नाही.

आज डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं. रागावल्या नाहीत. “बहिणीला लगेच बोलवा, तपासू,” म्हणाल्या.

ठकी विचारेल, मावशी कशाला? तू दारात यायच्या आत मीच तिला सांगेन. कसं, ते अजून ठरत नाही.

मिळेल त्या गाडीनं निघ. भाड्याकडे बघू नकोस. मी लिहितेय हे, मी!

तुझी ताई,
ठकीची (असं पहिल्यांदाच लिहितेय)
मावशी