गाईची पसंती

आत्याबाई,

उद्यापासून माझ्या जागी नवी मुलगी गावोगाव फिरणार आहे. गिऱ्हाइकावर पहिली छाप कशी पाडायची ते तिला समजावा, असं कंपनीनं कळवलं. मी समजावायला बसले आणि तोंडातून तुमचंच बोलणं बाहेर येऊ लागलं. म्हणून लिहिते.

रांजणगावला कंपन्या नुकत्या उभ्या राहत होत्या. ह्यांचं तिथलं काम सुटलं होतं आणि मला गाईंचं दूध काढायची मशीनं विकायची नोकरी लागली होती. महिनाअखेरपर्यंत एक तरी मशीन खपलं नाही तर घरी बसा, असं साहेबांनी बजावलेलं. इनामगावला पहिल्यांदा गेले ती कडक इस्त्रीची साडी नेसून, पावडर आणि अत्तर लावून. ओट्यावर बोलणं छान झालं, मालक खूश होते. मग गोठ्यात शिरले आणि गाय बिथरली. लाथ झाडली, पान्हा चोरला. मालक हसून म्हणाले, "बाई, आमच्यावर छाप पडली तुमची. पर मशीन गाईला लावायचं हाय."

मी घरी येऊन हे तणतणत सांगते आहे आणि तुम्ही धारेला बसल्या आहात. मशीन तुम्हाला मुळीच आवडत नव्हतं. सून आता गाईला फटफटी जोडणार, असं शेजारणींना मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगायचात. त्या संध्याकाळी मात्र मान वर न करता म्हणालात, "उद्यापासनं आपल्या गाईवर शीक. आटली तर आटली. पर ह्या वासानं गोठ्यात पाय टाकू नगंस." तेव्हा घर त्या गाईच्या दुधावर चाललं होतं.

मी साध्या धुवट साडीत जाऊ लागले. आधी मोटर भिंतीपलीकडे चालवून नुसता आवाज ऐकवला, मग रबरी कप हुंगू दिले. तुम्ही गाईच्या गळ्याखालची पोळी खाजवत उभ्या असायचात. एका पहाटे मशीनमध्ये दूध उतरलं. तुम्ही म्हणालात, बादली धू.

कासुर्डीला मी ओट्यावर बसलेच नाही. धार काढणाऱ्या बाईंना गाईचं नाव विचारलं, हात धुतले आणि गाय हात हुंगेपर्यंत गप्प उभी राहिले. दूध उतरल्यावर बाईंनी नवऱ्याला हाक मारली, "अवो, गाईनं पसंत केलंय. तुमी कशाला इचार करताय?" महिना संपायचा होता. नोकरी राहिली.

मुलीनं आज विचारलं, मॅडम, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकलात? मी नुसतं 'घरी' म्हटलं. आणि रबरी कप मोजायला घेतले. मुलगी चुणचुणीत आहे. ऐकता ऐकता तिनं मनगटावरचं अत्तर पदरानं पुसलं. उद्या तिच्या मागोमाग जावंसं वाटतं आहे, पण जाणार नाही. हा कागदही धाडणार नाही, इथंच राहील.

आज तिला दिलं: डेमोचं मशीन, रबरी कपांचा नवा संच, शिरूर आणि दौंडमधली माझी सगळी गावं. तिनं दोन्ही हातांनी घेतलं.