चौथी डबी

३ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

चिमीला पुन्हा जंत झाल्याचं दादाने कळवलं. वर्षात तिसऱ्यांदा! पोर पांढरीफटक पडलीय म्हणे. राग येऊ दे, पण स्पष्टच बोलते: पोरीची स्वच्छता आईच्या हातात असते. तुला ओट्यापासून लांब ठेवायला दादाला मीच सांगितलं. आमच्या प्रयोगशाळेत सध्या जंतांचीच पाहणी चालू आहे. तिघांच्या शौचाच्या डब्या पाठव. चौथी माझी ठेवते, तुलनेला. काय ते एकदाचं समोर येऊ दे.

लोभ आहे, तो टिकेल असं वागावं.
नणंद

९ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

डब्या पाठवल्यात. माझा दोष निघाला तर चिमीला तुमच्याकडे ठेवणार, असं ह्यांनी बजावलंय. तिचे हात इतके घासते की भेगा पडल्यात. तुम्ही लावलेल्या शिस्तीप्रमाणे रोज जेवणाआधी ती हात पुढे करते, हे उलटसुलट करून बघतात, मगच ताट. आता मलाही दाखवावे लागतात. अजून काय करू?

माया असू द्या, निदान चिमीवर.
वहिनी

२ एप्रिल

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि. (साष्टांग ह्या वेळी खराच समज.)

डब्यांवर नुसते आकडे होते; कुणाची कुठली ते जंतांची अंडी मोजून झाल्यावरच कळलं. चिमीच्या आणि दादाच्या डबीत अंडीच अंडी. तुझ्या डबीत एकही नाही, आणि तू तर त्यांच्याच घरात राहतेस, तेच खातेस. सगळ्यात जास्त माझ्या! तुझ्या हातचं खाऊन मला दोन वर्षं झाली. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळ्या वस्तीला औषध दिलं तरी वर्षाने बरेचदा त्याच माणसांत जंत जास्त सापडतात, आणि त्यांतली कितीतरी एका रक्ताची असतात. काहींच्या अंगाला जंत हुसकावणं मुळातच कमी जमतं. हात धुवायचेच, औषधही घ्यायचंच. पण हे आमच्या रक्तातलं आहे गं, तुझ्या हातातलं नाही. फार लाज वाटते. दादालाही लिहिलंय.

लोभ कुठल्या तोंडाने मागू?
नणंद

११ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

ह्यांनी तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि ओट्यापासून बाजूला झाले. चिमीला औषध दिलंय. तुम्हीही घ्या, विसराळू आहात. राग आला होता, खोटं कशाला सांगू, अजून आहे. काल जेवताना चिमीने सवयीने हात पुढे केले. मी म्हटलं, धुतलेस ना, मग बस, आता कुणी बघणार नाही. तिला खरंच वाटेना. हात तसेच धरून उभी राहिली, ताट गार झालं.

तुम्ही या आणि तुमच्या तोंडाने तिला सांगा. लोभाचं त्यानंतर बघू.
वहिनी