मोठ्या मायचे नाव आणि इतर मालमत्ता

मी, सौ. मोहिनी किरण पाटील, वय ३३ वर्षे, व्यवसाय शाळेत लिपिक, राहणार देवपूर, धुळे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कुणी भरीस पाडलेले नाही. उलट माझे पती किरण म्हणाले, "गळ्यातली एवढीशी गाठ काढायची, आणि तू घरदार वाटायला बसलीस." येत्या गुरुवारी माझी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी काळजीचे कारण नाही असे सांगितले आहे. पण बस चुकेल म्हणून तासभर आधी स्टँडवर जाऊन बसणारी बाई आहे मी. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मी घाबरलेली आहे, परंतु घाबरलेल्या माणसाचे मृत्युपत्र कायद्याने चालते, हे मी वकिलांना दोनदा विचारून घेतले आहे.

१. देवपूरचे घर किरण यांच्या नावावर आहे, त्याबद्दल मला काही लिहायचे नाही. माझा भविष्य निर्वाह निधी आणि बँकेतील ठेव किरण यांना मिळावी व ती मुलीच्या शिक्षणासाठी वापरावी. माझे सोन्याचे दागिने मुलीला ती अठरा वर्षांची झाल्यावर द्यावेत. तोवर ते सासूबाई, सौ. प्रमिलाबाई, यांनी सांभाळावेत. त्या सांभाळतील याबद्दल मला शंका नाही. त्यांनी मोडून नव्या घडणीचे करू नयेत, एवढीच विनंती.

२. शिलाई मशीन शेजारच्या कुंदाबाईंना द्यावे. त्यांनी माझी कात्री दोन वर्षांपूर्वी नेली आहे, तेव्हा कात्रीही त्यांचीच समजावी.

३. आता मुलीच्या नावाबद्दल. हे कलम लांबेल. वकील म्हणाले, मृत्युपत्रात मालमत्तेचेच लिहावे. पण नाव ही माझ्या मुलीला मी दिलेली पहिली वस्तू आहे आणि ती मी न विचारता दुसऱ्या कुणाची उचलून दिली, म्हणून ती इथेच नोंदवणे मला योग्य वाटते.

माझे माहेर चोपडा तालुक्यातले. वडिलांच्या आईला आम्ही मोठी माय म्हणायचो. शाळेत जाण्याआधी मला जे आले ते तिने शिकवलेले. केळीच्या घडाच्या फण्या मोजून तिने मला वीसपर्यंत आकडे शिकवले, स्वतःला सही येत नसताना. कुणाची वस्तू घेतली तर जागेवर ठेवावी आणि चुकलो तर त्याच दिवशी सांगावे, हेही तिचेच. यातले दुसरे मला जमले नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगी झाली तेव्हा तिला मोठ्या मायचे, म्हणजे मंजुळाबाईंचे, नाव द्यायचे असे मी ठरवले. सासूबाई म्हणाल्या, "आजकाल असलं नाव कोण ठेवतं? वर्गात पोरं हिला आजीबाई म्हणतील." तीन आठवडे मी त्यांच्याशी वाद घातला. एरवी मी चहात साखर कमी पडली तरी बोलत नाही. शेवटी त्यांनी होकार दिला, आणि मन मोठे करून दिला: चांदीच्या पेल्यावर 'मंजुळा' कोरून आणले.

बारशाला मोठी माय चोपड्याहून एसटीने आली. नाव तिला आधी सांगायचे नाही, तिने ते पाळण्यापाशीच ऐकावे, असा माझा बेत होता. माझ्या नणंदबाई, दिपमालाताई, मुलीची आत्या या नात्याने वाकल्या, कानात कुर्रर्र केले आणि मोठ्याने म्हणाल्या, "मंजुळा." सगळ्या बाया मोठ्या मायकडे बघून हसल्या. तिने पदर सारखा केला आणि घुगऱ्या मागितल्या. मला वाटले, गहिवरली.

त्यानंतर सहा-सात महिने तिने मुलीला एकदाही त्या नावाने हाक मारली नाही. बाय म्हणायची, माय म्हणायची. मे २०१९ मध्ये आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले. लिंबाला झोका बांधला होता. मुलीला मांडीवर घेऊन मोठी माय झोक्यावर बसली होती, तेव्हा मी विचारले, "मोठी माय, तू तिले नाववरी हाक काबर नही मारस?"

ती म्हणाली, "ते नाव मनं नही शे." तिचे नाव तिचे नाही म्हणजे काय, मला कळेना.

मग गळ्यातला चांदीचा टाक तिने पोलक्यातून बाहेर काढला. त्यावर बाईची लहानशी मूर्ती आहे. आम्ही लहानपणापासून तो देव समजायचो. "हाई मंजुळा," ती म्हणाली. "ते नाव तिनं शे."

आमचे आजोबा, झुलाल आबा, यांची पहिली बायको मंजुळा. ती बाळंतपणात गेली. वर्षाच्या आत आबांनी दुसरे लग्न केले. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचे नवे नाव लिहायचे असते. आबांनी पहिलीचेच लिहिले. घरातल्यांच्या तोंडी बसलेले नाव, बदलायला नको, असे म्हणे ठरले होते. नवरीला वाचता येत नव्हते. कुणी तरी मोठ्याने वाचले तेव्हा तिला कळले की आता आपण मंजुळा. दुसरीने मेलेल्या पहिलीचा टाक गळ्यात घालायचा अशी रीत, म्हणून त्याच दिवशी तो टाक तिच्या गळ्यात आला.

मी विचारले, "मंग तुनं नाव काय?"

"तापी. मना बापनी ठेयेल व्हतं."

तिचे माहेर नदीकाठचे. आम्हा नातवंडांपैकी कुणालाही हे ठाऊक नव्हते. मी म्हटले, "माले काबर सांगं नही?"

"तू इचारं का?"

मी रडू लागले तर ती हसली. "आते राहू दे. कागदवर चढी गयं. एकदाव तिले तापी म्हन, मी आयकसू."

एकदा ती हाक ऐकायची, एवढेच मागणे होते. मुलगी समोर मांडीवर होती. मी तिला तापी म्हटले नाही. अंगणात बाया होत्या, गोष्ट धुळ्याला पोहोचेल असे वाटले. भांडून मिळवलेले नाव चुकीचे निघाले हे सासूबाईंना कोणत्या तोंडाने सांगू, असे वाटले. आणि खरे कारण लिहायचे तर, नाव आत्याने कानात सांगायचे असते, आईने मध्येच घातले तर ते नीट होणार नाही, असे मला वाटले. मी म्हणाले, "पुढल्या आखाजीले दिपमालाताईसले लई येसू. रीतसर करूत."

ती म्हणाली, "रीतसर? माले कोनी रीतसर इचारं व्हतं?" आणि थोड्या वेळाने, "बरं माय. तवलोंग मी थांबसू का, ते देवले इचार."

जानेवारी २०२० मध्ये ती गेली. चौकात फलक लागला, त्यावरही कै. मंजुळाबाई झुलाल पाटील असेच होते. मी त्याच्याखाली उभी राहिले आणि कुणाला काही बोलले नाही. शाळेच्या रजिस्टरमध्ये एका मुलाच्या आडनावातली वेलांटी चुकली तर मी अर्ज घेऊन दुरुस्त करते.

४. टाक माझ्याकडे आहे. तो माझ्या मुलीच्या गळ्यात कधीही घालू नये. तो माझा भाऊ नवल याच्याकडे, देवघरात ठेवावा. त्या पहिल्या बाईचा यात काही दोष नाही, तिला मूलही बघायला मिळाले नाही. नवल आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतो, त्यात मंजुळाबाईंची एक असते. यापुढे त्याने दोन भराव्यात: एक मंजुळाची, एक तापीची. नवलने मोठ्या मायचा पाटा-वरवंटा मला न विचारता भंगारवाल्याला दिला, त्याबद्दल मी त्याच्याशी दीड वर्ष नीट बोलले नाही. दुसरी घागर भरली की ते फिटले असे समजावे.

५. आबांवर माझा राग आहे. तो मी कुणालाही देत नाही. तो माझ्याबरोबर संपावा.

६. मुलीने मंजुळा राहावे की तापी व्हावे, हे तिने मोठेपणी ठरवावे. कुणी तिला भरीस पाडू नये, माझे नाव सांगून तर नाहीच.

७. माझ्या मृत्यूनंतर दिपमालाताईंनी मुलीच्या कानात, आत्या या नात्याने, तापी हे नाव एकदा सांगावे. दिपमालाताईंना या मृत्युपत्राने काही मिळत नाही, फक्त काम मिळते, म्हणून त्या साक्षीदार होऊ शकतात असे वकील म्हणाले.

कलम ७ विषयी टीप: सही करण्याआधी दिपमालाताईंनी सर्व कागद वाचला. त्या म्हणाल्या, "मोहिनी, हे काम तू मेल्यावर करायचं? आत्ता काय मी गावाला चाललेय का?" त्यांनी मुलीला हाक मारली, कानाशी वाकून कुर्रर्र केले आणि नाव सांगितले. मुलगी म्हणाली, "गुदगुल्या होतात. परत सांग." त्यांनी परत सांगितले. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सहा वर्षं पोटात ठेवलंस? मी काय तुला खाल्लं असतं?" आणि मुलीचा चांदीचा पेला घेऊन बाहेर पडल्या, बहुधा कोरणाऱ्याकडे द्यायला. सबब कलम ७ आज पूर्ण झाले असून ते रद्द समजावे. जिने ऐकायचे होते तिने ऐकले नाही, त्याला कलम नाही.

या मृत्युपत्रावर मी वाचून, समजून सही केली.

ठिकाण: देवपूर, धुळे
दिनांक: ८ जून २०२५

सही: मोहिनी किरण पाटील

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या:
१. सौ. दिपमाला (मुलीची आत्या), अमळनेर
२. श्री. धनसिंग (शेजारी), देवपूर

ता.क. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेली दोन अक्षरे माझ्या मुलीची आहेत. कसे लिहायचे ते तिने मला विचारून घेतले. ती खाडाखोड समजू नये.