वडिलांच्या मागचं अनेकवचन

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्हाला लिहायला बसलं की तेच दिसतं. लोणावळ्याच्या तुमच्या स्वयंपाकघरात मी पाटावर बसलेय, तुम्ही दम्यानं धापा टाकत आमटी ढवळताय, आणि माझी वही बघून एकदम कडाडताय, "वडील किती आहेत गं तुला?"

शाळेतल्या शास्त्रीबुवांनी मला संस्कृत शिकवायला साफ नकार दिला, म्हणून मॅट्रिकला तुमची फ्रेंच घेतली. बोलायला सोपी वाटली. 'तो बोलतो' आणि 'ते बोलतात', दोन्हींचा उच्चार एकच, पार्ल. अनेकवचनाची ई, एन, टी नुसती लिहायची, तोंडातून काढायची नाही. मी मात्र 'माझे वडील बोलतात' लिहिताना दर वेळी ती शेपटी लावायचे. "अहो बाई, वडिलांना अरेतुरे कसं करू?" "फ्रेंचात आदराचं 'ते' नसतं! वडील एक, क्रियापद एकवचनी. पुन्हा लिही!" आणि पळी आपटलीत. मला रडूच फुटलं.

रडू तुमच्या ओरडण्याचं नव्हतं, बाई. माझे वडील, आबा, रेल्वेत फिटर, मूळचे टाकव्याचे. आदल्याच दिवशी म्हणाले होते, "नापास झालीस तर शाळा बास. वडिवळ्याचं स्थळ लय चांगलं हाय, बार उडवून टाकू." मी म्हटलं, "आबा, मला शिकायचंय." "तुला कोन इचारतंय?"

फ्रेंचच्या पेपरात घरावर निबंध आला. घंटा व्हायला आलीय. 'माझे वडील बोलतात' लिहिताना ओळ संपली, म्हणून तुम्ही शिकवलंत तसा शब्द बरोबर मधे तोडला: वर 'पार', खाली उरलेला तुकडा, एल, ई, एन, टी. तो तुकडा एकटा पडला तेव्हा कुठे दिसला. बाप रे, आबांना पुन्हा अनेकवचन! घाईघाईनं शेवटची एन, टी खोडली; एकवचनाला नुसती ई पुरते.

पास झाले. वडिवळ्याला नकार कळवला गेला. मी खाडाखोडीचं सांगितलं तेव्हा तुम्ही खूश होऊन म्हणालात, "व्याकरण डोक्यात बसलं एकदाचं." मी मान हलवली. आता हे पत्र कुठे टाकायचंय, म्हणून सांगते. खोडताना व्याकरण डोक्यात नव्हतंच, बाई. आबांना एकवचनात आणलं, आणि मला लय बरं वाटलं.