आग्नेय कोपऱ्यातले खिळे

९ डिसें. ९०, रवि.

धातू शोधायच्या मशीनची टोपलीची कॉइल आज जोत्यावर फिरवली. आतेच्या मासळीच्या जुन्या पाटीचा काठ कापून त्यावर वायर गुंडाळली, म्हणून आते सकाळपासून बोलत नाही. मशीन चालतं. जरा जास्तच चालतं. पाऊल टाकलं की सूर खाली, पुढचं टाकलं की आणखी खाली. लोखंड आलं की हेडफोनमधला सूर खाली जातो, तांबं-पितळ आलं की वर. आजोबा अंगणात होड्या दुरुस्त करायचे. खिळे, कड्या, नांगराचे तुकडे, जिथे पडलं तिथे राहिलं. शिवाय आता घर पाडलं तेव्हाचे छपराचे खिळे. दिवसभर सूर खालीच.

बाबा पडवीतल्या खाटेवरून, "काय बोलतंय?"

म्हटलं, लोखंड बोलतंय.

"त्याला सांग, लोखंड नको."

११ डिसें.

सु. शी वाजलं, नवराबायकोचं नेहमीचं. तिचंही खरं आहे. बिल्डरने दिलेला कोपरचा ब्लॉक तयार आहे, चावी तिच्या पर्समध्ये आहे, आणि आम्ही पाडलेल्या घराच्या उरलेल्या पडवीत, एका बाजूला ताडपत्री बांधून. खाडीकडून वारा आला की चिखलाचा वास, कंपन्यांकडून आला की त्यांचा. मनी, एवढीशी पोर, रात्रभर खोकते.

बाबा हलत नाहीत. वास्तुपुरुष काढल्याशिवाय नाही म्हणजे नाही. आजोबांनी वास्तुशांतीला आग्नेय कोपऱ्यात पुरलेला. तांब्याचा, बोटभर, पालथा ठेवलेला. बाबा तेव्हा मनीएवढे, शेजारी उभे होते. "आपुन जाव, नि त्याच्या पाठीवर हे लोक सिमेंट वततील? नाय." चुलत्यांनी आपापले ब्लॉक घेतले आणि गेले. त्यांना कोणालाच वास्तुपुरुष आठवला नाही.

सु. म्हणते सरळ कोपरा खणा. कितीदा सांगायचं. पहार, फावडं बाबा लावू देत नाहीत, लोखंडाचा घाव त्याला बसता कामा नये. करवंटीने उकरायचं. बरं, कोपरा कुठला? घर दोनदा वाढवलंय, आग्नेय कोपरे तीन झालेत, आणि ती वास्तुशांत कितव्या वेळची ते बाबांना आठवत नाही. करवंटीने तिन्ही उकरायचे तर मनीचं लग्न इथेच लावावं लागेल.

बिल्डरचा माणूस येऊन गेला. होळीच्या आत मोकळं करा म्हणाला. गोड बोलतो, त्याचीच भीती वाटते.

१५ डिसें.

कंपनीच्या गेटवर गेलेलो. लॉकआऊट जैसे थे. आमच्या इन्स्ट्रुमेंट खात्यातला डिसिल्वा भेटला. मस्कतचं काम झालं त्याचं. फेब्रुवारीत जाणार. "तुझ्यासाठी पण बोलतो रे, तिकडे आपल्यासारखे माणूस पाहिजेत." म्हटलं, बाबांचा वास्तुपुरुष सापडू दे आधी. तो हसला नाही. त्याचंही गाव खाडीवरच. त्याच्या आजीने घर सोडताना उंबरठ्याचं लाकूड बरोबर नेलेलं म्हणे.

मग अर्धा तास कॉइलवरच बोललो. तो म्हणतो मोठी कॉइल खोल बघते पण एका वेळी सगळंच बघते. दहा खिळे आणि एक तांबं तिच्याखाली आलं की तिला अकरा दिसत नाहीत, एकच गोळा दिसतो. छोटी कॉइल एकेक वेगळं दाखवेल, पण खोल बघणार नाही. आमच्या घरातल्यांसारखंच आहे हे, कोणाला एक जमतं, कोणाला दुसरं.

१९ डिसें.

डिसिल्वाचं बरोबर निघालं. देवघरातली तांब्याची पळी पुरली (बाबांना न विचारता), मोठी कॉइल वर धरली. सूर वर, छान, गाण्यासारखा. मग पळीशेजारी दोन खिळे खोचले. सूर जागच्या जागी! तांबं वर ओढतं, लोखंड खाली, बेरीज शून्य. म्हणजे आजपर्यंत जिथे जिथे मशीन गप्प बसलं, ती जागा रिकामी समजून मी पुढे गेलो. त्यातल्याच एखाद्या जागी तो असेल. दहा दिवस पाण्यात.

पळी धुऊन ठेवली. सु. ने पाहिलं.

२३ डिसें., रवि.

सु. ची भरतकामाची रिंग मागितली. "माझी मशीन पण घेऊन जा ना, शिलाईची." पण दिली. लाकडी, वीतभर, अगदी हवी तशी. डोंबिवली वेस्टला मोटारी रिवाइंड करणाऱ्याकडून वायर आणली. तो विचारतो, कसली मोटार. काय सांगणार.

वरून चांदीचा कागद गुंडाळला, जमिनीच्या ओलाव्याने सूर हलू नये म्हणून. चालू केलं तर मुकं. दोन तास सर्किट उलटंपालटं केलं. शेवटी लक्षात आलं, कागदाचं कडं पूर्ण मिटलं होतं. मध्ये फट ठेवायची असते, नाहीतर कडंच सूर खातं. पहिल्या वर्षाचं पोरगं करणार नाही अशी चूक. फट पाडली, बोलायला लागलं.

२६ डिसें.

रिंगवाली उत्तम. खिळा इथे, खिळा तिथे, दोन्हींच्या मधली जागा मोकळी, असं साफ कळतं. पण टीचभर खालचंच कळतं. बाबा म्हणतात तो हातभर खाली आहे. म्हणजे वरचा थर फिरून बघायचा, लोखंड हाताने वेचायचं, थर काढायचा, पुन्हा फिरवायचं. टोपलीने खोल दिसतं पण ओळखत नाही, रिंगने ओळखतं पण पोचत नाही. मी रिंग घेतली. पोचायचं काम करवंटीचं.

बाबा खाटेवरून उठून जोत्याच्या कडेला येऊन बसले आज. वेचलेले खिळे हातात घेऊन बघत होते. हा होडीचा, हा छपराचा. त्यांना असं बोलताना खूप दिवसांनी ऐकलं.

२ जाने. ९१

पहिला कोपरा, सर्वांत जुना. खिळेच खिळे. विखुरलेले नाहीत, एकाच जागी, उभे, डोकी वर. कोणी लावल्यासारखे. आजोबांच्या हातून पडलेले असे पडणार नाहीत.

आतेला विचारलं. अबोला संपलेला. नात्यातली सगळी बाळंतपणं तिच्याच हातची. म्हणाली, "मग? बालंतीण उठायच्या आदी घर नजरेपासून बांधायला नको? जुन्या घराच्या चारी कोपऱ्यांना खिला. तुजा हाय, तुज्या भावाचा हाय, तुज्या पोरीचा हाय."

मनीच्या वेळचा मीच ठोकला होता. आतेने हातात दगड दिला, मार म्हणाली, मारला. तेव्हा डोक्यात फक्त मुलगी झाल्याचं होतं. कोपऱ्यात आधीच कोणीतरी तांब्याचा झोपलाय हे ना मला आठवलं ना तिला. ज्याच्यावर घर सोपवलेलं, त्याच्याच डोक्यावर आम्ही पिढ्यान् पिढ्या खिळे ठोकत आलो, घर राखायला.

सु. ला सांगितलं तर पहिल्यांदा हसली. बऱ्याच दिवसांनी.

६ जाने., रवि.

बाबांना खिळे उपटू का विचारलं. म्हणाले, "तुजा उपट. बाकीचे नको."

आता काय करावं. माझा कुठला, हे त्या मशीनला काय कळणार. सगळे सारखेच गंजलेत.

१० जाने.

उपटायचे नाहीत तर त्यांच्या मधून बघायला हवं. म्हणजे रिंगही मोठी झाली. सु. च्या क्रीमच्या बरणीचं प्लॅस्टिकचं झाकण घेतलंय. तळहाताएवढी कॉइल. दोन खिळ्यांच्या मधोमध बसेल. फक्त बोटभर खोल बघेल. पण दर बोटाला एकदा बघितलं तर हातभर जाता येतं की.

डिसिल्वाला चिठ्ठी पाठवून विचारलं. त्याने उलट निरोप दिला, दोन अर्ध्या चंद्रासारखी वेटोळी एकमेकांवर चढवून कर, मधल्या शिवणीतूनच बघते, लोखंडाच्या गर्दीत तीच बरी. त्यासाठी सर्किटच बदलावं लागेल. मन फार ओढलं. खरं सांगायचं तर दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. झाकणच करतो आधी.

मस्कतचं त्याने परत विचारलं. मी झाकणावर वायर गुंडाळायला घेतली.

१४ जाने., संक्रांत

सु. कोपरला जाऊन शेजारणींना तिळगूळ देऊन आली. तिथे राहायला जायच्या आधीच. तिसऱ्या मजल्यावर म्हणे वारा छान येतो. समोरच्या बाईंनी विचारलं, मिस्टर काय करतात. सु. म्हणाली, इन्स्ट्रुमेंटचं काम करतात. हे तिने मला अगदी साध्या आवाजात सांगितलं. मला बाहेर जाऊन उभं राहावंसं वाटलं, पण बाहेर म्हणजे तरी कुठे, ताडपत्रीपलीकडे जोतंच.

२१ जाने.

सूर वर! झाकणाने, दोन खिळ्यांच्या मधे, स्पष्ट. बाबांना हाक मारली. ते धावतच आले, गुडघा विसरून. करवंटीने उकरलं. पत्र्याचा तुकडा, कुठल्यातरी डब्याच्या झाकणाचा. पसरट पत्रा लोखंडाचा असला तरी तांब्यासारखा बोलतो, मला माहीत होतं, तरी.

बाबांनी तो पत्रा पुसला, उलटासुलटा केला, खिशात टाकला.

४ फेब्रु.

पहिला कोपरा हातभर झाला. नाही. दुसऱ्या कोपऱ्याला लागलो. झाकणवाली सकाळीच नीट चालते, ऊन चढलं की सूर आपोआप सरकतो, मग थांबावं लागतं. दुपारभर पुढच्या कॉइलचे आकडे मांडत बसतो. सु. म्हणते, "कंपनी बंद झाली तेव्हा तुला झोप नव्हती. आता लागते." बरं म्हणाली की वाईट, कळलं नाही.

९ फेब्रु.

डिसिल्वा गेला काल. निरोप द्यायला जाता आलं नाही. जाता आलं नाही असं नाही, गेलो नाही.

१५ फेब्रु.

मनीला रात्री दम लागला. ठाण्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर एवढंच म्हणाले, इथून हलवा हिला. आणलं परत पडवीत, दुसरीकडे कुठे आणणार. बाबा तिच्या उशाशी बसून होते. छाती वर-खाली होताना बघत होते. मी मशीनकडे बघितलंसुद्धा नाही आज, हे लिहून ठेवतो.

१७ फेब्रु., रवि.

सकाळी बाबा म्हणाले, "पुरं आथा. जाव."

मी म्हटलं, दुसरा कोपरा अर्धा झालाय.

"राहूं दे त्याला. तो काय खोकतंय?"

असं सरळ. एवढे महिने ज्याच्यासाठी आम्हाला अडकवून ठेवलं, त्याला एका वाक्यात सोडून दिलं. सु. च्या डोळ्यांत पाणी. तिने लगेच भांडी बांधायला घेतली, त्यांचं मन बदलायच्या आत. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. बाबांचा, आणि कशाचा ते अजून नीट सांगता येत नाही. म्हटलं, तुम्ही आता सोडलं तर मी एवढे दिवस काय केलं?

बाबा म्हणाले, "तू केलंस ना. माजं झालं."

२० फेब्रु.

उद्या टेम्पो. आते पण चाललीय चार दिवस, हाताशी. मी सु. ला सांगितलं, दुसरा कोपरा संपवून संध्याकाळी येतो. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे सर्किटबद्दल काहीतरी बोलायला लागलो. ती म्हणाली, "बाबांना यायचंय आता. थांबायचंय कोणाला?"

२१ फेब्रु.

टेम्पो गेला. मनी मागे गाद्यांवर, आते आणि सु. तिच्याजवळ. बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी, मागे वळून बघतील असं वाटलं, बघितलं नाही. सु. ने कधी येणार विचारलं नाही. डबा ठेवून गेली.

मग झाकणवाली घेऊन बसलो. दुसरा कोपरा, टीचभर राहिलेला. उन्हाच्या आत एक जागा लागली. सूर वर गेला. बाजूला सरकवलं, खाली आला, परत आणलं, परत वर, तेवढ्याच जागी. पत्रा असा बोलत नाही, तो पसरतो. हा बारीक होता. बोटभर.

करवंटी हातात होती.

तांब्याचा निघाला तर तो पुसायचा, रुमालात घ्यायचा आणि दुपारच्या आत कोपर. बाबांच्या हातात द्यायचा. त्यांचा चेहरा मला आत्ताही दिसतो. आणि मग उद्या सकाळी अकरा वाजता, सगळ्या मजल्यांवरचे पुरुष कामाला गेलेले असताना, मी त्या ब्लॉकमध्ये. समोरच्या बाई दार उघडून बघणार. पत्रा निघाला तरी जायचंच, दुसरा कोपरा संपला की येतो म्हटलंय, मग थांबायला कारणच राहत नाही. दोन्हीकडून जायचंच आहे. न उकरता बसलो तर मात्र अजून शोधतोय असं म्हणता येतं.

ऊन चढलं. सूर आपोआप सरकायला लागला. मशीन बंद केलं. त्या जागेवर करवंटी पालथी घालून ठेवली.

संध्याकाळ झाली. शेवटची बस अजून आहे.