न पडलेल्या चाळीस नथी

नाना, तुमची जाड तार मी शेवटी काढून टाकली. पहिल्याच ओळीत सांगते, कारण तुम्हाला प्रस्तावना आवडायची नाही. घरात कुणी लांबण लावली की तुम्ही हात वर करून म्हणायचात, "आधी काय बिघडलं ते सांग, कसं बिघडलं ते मग." तर बिघडलं काहीच नाही. सुधारलंय. पण ते कसं सुधारलं हे सांगताना मला तुमच्या विरुद्ध बोलावं लागणार आहे, आणि त्याची मला सवय नाही.

निफाडचं ते लग्न तुम्हाला आठवत असेल. माझी मुलगी तेव्हा जेमतेम वर्षाची होती आणि मी घरीच, ती झोपली की, मोती ओवत बसायचे. दुकान वगैरे काही नव्हतं. आईचं नाक टोचलेलं नाही म्हणून तिच्यासाठी मी चापाची नथ केली, म्हणजे आतून एक बारीक तार नाकपुडीला चिमट्यासारखी धरते ती. माझ्या हातची ती पहिलीच नथ. आईने कौतुकाने घातली, चार बायकांना दाखवली, आणि जेवणाच्या पंगतीत ती नथ सुटून थेट मठ्ठ्याच्या वाटीत पडली. आत्या केवढ्यांदा ओरडली, "अगं वहिनी, तुझ्या मठ्ठ्यात मोती निघाला गं!" अख्खी पंगत हसली. आईसुद्धा हसली. तुम्ही हसला नाहीत. परतताना एसटीत तुम्ही खिडकीशी बसला आहात, बाहेर द्राक्षांच्या बागा मागे पळताहेत, आणि तुम्ही ती नथ रुमालातून काढून उजेडात धरून फिरवून फिरवून बघता आहात. ओझर आलं. मग तुमच्या टूलरूमच्या भाषेत म्हणालात, "दिसायला चांगलाय जॉब. पण रिजेक्ट." मी मुलीला खांद्यावर घेऊन दुसरीकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तुम्हाला दिसू नये म्हणून.

पुढच्या रविवारी तुम्ही मला सातपूरच्या घरी बोलावलंत. गॅलरीत तुमचा तो लोखंड पकडायचा छोटा व्हाइस होता, शेजारी कानशी साइजप्रमाणे मांडलेल्या. रविवार कारंजावरून तुम्ही स्वतः जाऊन जाड पितळी तारेचं एक वेटोळं आणून ठेवलं होतंत. मला वाटलं होतं, मोत्यांचा नाद सोड असं सांगायला बोलावलं असेल. तुम्ही मात्र पक्कड माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "पकड घट्ट असली की काही सुटत नाही. कंपनीत काय अन् नाकावर काय." दोघांनी मिळून जुनी तार काढली, जाड घातली, आणि आईला बोलावून तिच्या नाकावर चढवली. आई म्हणाली, "टोचतंय." तुम्ही म्हणालात, "टोचू दे. पडणार तर नाही." वेटोळं आणि पक्कड माझ्या पिशवीत घातलीत. तुम्ही मला दिलेल्या त्या दोनच वस्तू, ज्या लग्नातल्या यादीत नव्हत्या. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात.

मग मी ती जाड तार कधी बदललीच नाही. इंदिरानगरच्या आमच्या बिल्डिंगखाली स्कूटर लावायची जागा होती, तिथे शटर बसवून दुकान सुरू केलं, 'हाताने घडवलेले दागिने' अशी पाटी लावली, तेव्हाही नथीला तारच तुमची. ठुशी केली, तन्मणी केला, बुगड्या केल्या, त्यात हवे ते प्रयोग केले. नथीच्या तारेला हात लावला नाही. कुणी विचारलं की सांगायचे, आमच्याकडची नथ पडत नाही, माझ्या वडिलांचा नियम आहे. आणि पडतही नव्हती, कारण बायका लग्नात नथ घालतात, फोटो काढतात आणि काढून पर्समध्ये टाकतात. नाकाला लाल वळ उठतो तो पदराने पुसतात. इतक्या वर्षांत एकीनेही तक्रार केली नाही.

यंदा माघात दुकानात एक बाई आल्या. बँकेत नोकरी, आणि बायकांच्या ढोल पथकाच्या प्रमुख. चाळिशीतल्या, आवाज असा की शटर हलावं. म्हणाल्या, "ताई, पाडव्याच्या शोभायात्रेत आम्ही चाळीसजणी आहोत. नऊवारी ठरलीय, फेटे ठरले. नथी तुमच्याकडून. पण एक सांगते, आम्ही मिरवायला नाही जात, वाजवायला जातो." मी हसून म्हटलं, "आमची नथ पडत नाही." त्यांनी पाच नमुने नेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरावावरून थेट आल्या, कपाळावर घाम तसाच, आणि काउंटरवर पाच नथी ओळीने मांडल्या. पंधरा मिनिटांत पाचही पडल्या होत्या, एक तर ताशावर पडून टणकन उडाली होती. "दिसायला एक नंबर, ताई. पण टिकत नाहीत, आणि वर नाकं सोललीत." एकीने तर नाकाला क्रीम लावलं होतं म्हणे. पाडव्याच्या आधी जमलं तर ठीक, नाहीतर बाजारातल्या घेऊन गमने चिकटवू, असं सांगून त्या गेल्या.

नाना, चाळीस बायका म्हणजे चाळीस तोंडं, शहराच्या चारही कोपऱ्यांतली. मेनरोडवर भर शोभायात्रेत माझ्या नथी पायदळी गेल्या असत्या तर ती पाटी मी स्वतःच उतरवली असती. पण खरं सांगायचं तर मला त्याहून वेगळंच लागलं होतं. 'टिकत नाहीत' हा शब्द मला लागला होता. एसटीतला तुमचा चेहरा समोर आला.

मी काय केलं असेल? तुम्ही केलं असतं तेच. आणखी जाड तार घेतली. ती नाकात जाईना. मग चाप जास्त दाबून बघितला. स्वतःच घालून घरभर हिंडायला लागले, पोळ्या लाटताना, भांडी लावताना, मुलीच्या डब्याची गडबड चालू असताना. सासूबाई बघत होत्या. "गाऊनवर नथ! गॅसवाला आला तर म्हणंल, या घरात सकाळी सकाळी कुणाचं लगीन हाय?" मुलीला नथ घालून गच्चीवर दोरीच्या उड्या मारायला लावल्या. आता ती चौदाची आहे, बोलायला तुमच्यावर गेलीय. शंभर उड्यांना कबूल झाली, सत्तावन्नाव्या उडीला नथ उडून टाकीमागे गेली. "आई, माझं नाक तुझ्या बिझनेसला दान केलंय का?" म्हणाली आणि नाक चोळत खाली गेली. मिस्टरांनी आठवडाभर संध्याकाळचा स्वयंपाक न सांगता हातात घेतला. खिचडी, पुन्हा खिचडी.

उलगडा झाला तो वालांमुळे. सासूबाई घोटीकडच्या, भिजवलेले वाल सोलावेत तर त्यांनी. त्या दिवशी दुपारी परात मध्ये ठेवून आम्ही दोघी सोलत होतो आणि माझं लक्ष नव्हतं. मी दाबायची, वाल सालातून सटकून फरशीवर पळायचा. एक त्यांच्या चष्म्यावर जाऊन आपटला. "अगं, लय दाबू नको! ओलं हाय ते. जितकं दाबशीन तितकं पळंल. नुसतं टेकव बोट." मी पुन्हा दाबून बघितलं. पळाला. मग बोट नुसतं टेकवलं. जागचा हलला नाही. नाना, मी परात तशीच टाकून उठले आणि खाली दुकानात गेले. मागून त्या म्हणाल्या, "झालं! आता वाल कोण सोलणार, नथ?"

नाकपुडी काठाकडे निमुळती असते आणि ढोल वाजवणारीचं नाक घामाने ओलं असतं. अशा जागी जितकं घट्ट दाबाल तितकी नथ काठाकडे सरकणार. लोखंड पकडायला तुमचा नियम बरोबर होता. नाक लोखंडाचं नसतं. मी पातळ तार घेतली, ऐरणीवर हलक्या हाताने ठोकून कडक केली, आतली बाजू बोटाच्या पेराइतकी लांब ठेवली आणि तिचं टोक ठोकून मसुराएवढं चपटं केलं, म्हणजे ती चिमटा न घेता आत नुसती टेकून राहील. पुढच्या मोत्यांचा भार मागे घेतला. घातली आणि विसरले. चहा केला, दोन गिऱ्हाइकं झाली, फोडणीच्या ठसक्याने चार शिंका आल्या. मुलगी शाळेतून आली आणि म्हणाली, "आई, नथ अजून नाकावर आहे तुझ्या." तेव्हा आठवलं.

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. ती आता दादाकडे असते. विचारलं, "आई, नानांनी तार बदलून दिलेली नथ तुला टोचायची का गं?" ती म्हणाली, "टोचायची की. तेव्हाच बोलले नव्हते का?" "मग इतकी वर्षं घातलीस कशी?" "त्यांनी केली होती ना," म्हणाली, आणि दादाच्या मुलाचं काहीतरी सांगायला लागली. मी फोन ठेवला. मग चाळीस नथींच्या तारा कापायला घेतल्या.

पाडव्याला सकाळी आम्ही सगळे मेनरोडच्या कडेला उभे होतो, सासूबाई खुर्चीवर, मुलगी, मिस्टर पाण्याच्या बाटल्या घेऊन. नऊलाच ऊन चढलं होतं. ढोल आधी ऐकू येतो, छातीत, मग दिसतो. त्या आल्या. कमरेला ढोल बांधलेल्या, काष्टा कसलेला, फेटे घामाने भिजलेले, आणि हात असे पडत होते की समोरच्या दुकानांच्या काचा थरथरत होत्या. लोक वाजवणं बघत होते, मी नाकं मोजत होते. एक, दोन, अकरा, सव्वीस. मधे एक ओळ वळली आणि माझी मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून. चाळीस. मग रस्त्यावर बघितलं, कुठे मोती चमकतोय का. फुलं होती, कागद होते, एक तुटकी चप्पल होती. दीड तास मी त्यांच्या बाजूने चालले, रविवार कारंजापर्यंत. तिथे पथक थांबलं. त्या बँकेतल्या ताईंनी मला गर्दीत बघितलं, हातातलं ढोलाचं टिपरू वर केलं आणि ओरडल्या, "मुलींनो, दाखवा!" आणि चाळीसच्या चाळीस बायकांनी, अंगात आल्यासारख्या, माना गदागदा हलवल्या. वेण्या सुटल्या, एकीचा फेटा गेला. नथ एकही हलली नाही. लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना कळलंही नसेल कशाला. मी रस्त्यावर उभी राहून मोठ्याने हसले, नाना. इतक्या मोठ्याने मी माझ्या लग्नातही हसले नव्हते.

त्या सगळ्या मग भोवती जमल्या. एकीने विचारलं, "ताई, हा चाप कुणाच्या डोक्यातून निघाला?" आणि मी म्हणाले, "माझ्या वडिलांच्या. टूलरूमला होते ते." "म्हणूनच!" सगळ्या म्हणाल्या. "तरीच म्हटलं, इंजिनिअरिंग दिसतंय." मागोमाग मिस्टरांनी सासूबाईंना खुर्चीसकट तिथवर आणलं होतं, खुर्चीवरून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. घरी येताना रिक्षात म्हणाल्या, "वाल मी सोलले, डोकं तू लावलं, अन् नाव वडलांचं? बरंय."

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. तुमचं नाव का घेतलं मी? वाटलं, तुम्हाला मान मिळावा. पण ते पूर्ण खरं नाही. 'माझ्या डोक्यातून' असं म्हणायला जीभ रेटली नाही, इतकंच. ती रेटायला हवी होती. आज दुकानात गर्दी आहे, शोभायात्रेतल्या बायकांच्या जावा, नणंदा, मैत्रिणी नथीसाठी येताहेत आणि पहिलं वाक्य तेच, "ती न पडणारी द्या." मधल्या वेळात हे लिहितेय. काल एकीने पुन्हा विचारलं तेव्हा मी सांगितलं, "चाप माझा आहे. मी शोधलाय." ती म्हणाली, "हो का? मस्तच की," आणि आरशात वळून बघायला लागली. एवढंच असतं ते, नाना. मी उगाच घाबरत होते.

पुढच्या आठवड्यात त्या बँकेतल्या ताई गणपतीच्या मिरवणुकीसाठी बोलायला येणार आहेत, त्यांनाही सांगणार आहे. तुमची पक्कड अजून वापरते, उत्तम चालते, तिच्याबद्दल तक्रार नाही. तुमचा नियम चुकला होता आणि मी बरोबर निघाले, हे मला एकदा तुम्हाला लिहून दाखवायचं होतं, तुमच्यासमोर कागद धरून, छाती काढून.

पण हा कागद कुठे जाणार नाही, म्हणून एक गोष्ट कबूल करते. तुम्ही त्या दिवशी दुकानात उभे असतात आणि मी पातळ तार उचलल्यावर नुसती नाही म्हणून मान हलवली असतीत, तर मी ती खाली ठेवली असती.